मायेचा प्रतिकार आणि फासा

महाभारताच्या सभापर्वात माया आणि द्यूत ही दोन प्रकरणे एकामागून एक येतात. मयासुराने बांधलेल्या सभेत दुर्योधन फसतो, तो अपमान मनात घेऊन हस्तिनापुरास परततो, आणि त्या अपमानातूनच पुढे शकुनीचे फासे बाहेर पडतात. कथेच्या ओघात या दोहोंचा संबंध केवळ कार्यकारणाचा आहे. मायेत फसणे ही एक क्रिया आणि फासा टाकणे ही दुसरी. दुर्योधनापुढे असलेली भूमी स्फटिकाची की पाण्याची, हे ठरविण्यासाठी तेथे कोणी फासा टाकीत नाही. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या एका खेळाने मात्र या दोन क्रियांची सांगड घातली. मांत्रिकाने उभा केलेला आभास पाहणाऱ्यास खरा वाटावा की खोटा, याचा निर्णय त्या खेळात अखेरीस फाशावर सोपविलेला असतो. हा नियम प्रस्तुत लेखाचा विषय होय. आणि त्याची पारख करण्यासाठी येथे विदर्भाच्याच एका कथेचा, नलोपाख्यानाचा, आधार घेतला आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा तो खेळ. त्याची पहिली तीन छोटी पुस्तके विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या गावाहून प्रसिद्ध झाली. टेबलाभोवती चारसहा जण बसतात; प्रत्येक जण एका पात्राची भूमिका घेतो आणि त्या पात्राने काय केले ते बोलून सांगतो. एक जण मात्र पात्र घेत नाही. तो जग वर्णन करतो, शत्रू चालवितो, नियमांचा निवाडा करतो. त्याला आपण सूत्रधार म्हणू. आपल्या नाटकातला सूत्रधार प्रस्तावना संपताच रंगभूमीवरून निघून जातो, हा शेवटपर्यंत बसून राहतो, एवढाच फरक. नागपूरच्या एका गजबजलेल्या वस्तीचे नाव म्हणून परिचित असलेला ‘सदर’ हा शब्द मराठीत मुळात बैठकीच्या व कारभाराच्या जागेचा वाचक आहे, आणि अर्थाने तो ‘सभा’ या शब्दाच्या जवळ जातो. वैदिक वाङ्मयात सभा हीच द्यूताचीही जागा असते. हा खेळही अशाच एका लहानशा सदरेवर चालतो, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. आणि या सदरपासून दिवसभरात जाऊन येता येईल एवढ्या अंतरावर, अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी, कौंडिण्यपूर आहे. रुक्मिणी आणि दमयंती या दोघींचे माहेर म्हणजे कुंडिनपूर ते हेच, अशी परंपरा आहे.

खेळातील ज्या नियमाला ‘सेव्हिंग थ्रो’ म्हणतात, त्याला मराठीत ‘बचावाचा फासा’ म्हणता येईल. पात्रावर विष, मंत्र, ड्रॅगनचा अग्निश्वास असे काही अनिवार्य संकट कोसळले, की खेळाडूने वीस पैलूंचा फासा टाकावयाचा. ठरलेला आकडा गाठला तर संकट टळते किंवा सौम्य होते. या नियमावर आरंभापासून एक आक्षेप घेतला गेला. खडकाला साखळदंडांनी जखडलेला मनुष्य ड्रॅगनच्या श्वासातून वाचेलच कसा? गायगॅक्सने १९७९ सालच्या सूत्रधारांसाठी लिहिलेल्या ग्रंथात या आक्षेपाला उत्तर दिले आहे. कोणास ठाऊक, त्या खडकात नेमकी एखादी कपार असेल आणि शेवटच्या क्षणी त्याला तिचा आसरा मिळेल, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. फासा आधी पडतो आणि कपार नंतर सापडते. वाङ्मयाच्या अभ्यासकाला हे उत्तर विचार करण्याजोगे वाटेल, कारण त्यात कथाकाराची नेहमीचीच युक्ती उघडपणे कबूल केली आहे: नायक वाचला पाहिजे हे प्रथम ठरते, आणि तो कसा वाचला हे मागाहून शोधले जाते.

अग्नीच्या बाबतीत हे उत्तर पुरेसे आहे. आगीला श्रद्धा लागत नाही. ती मानणाऱ्याला जाळते आणि न मानणाऱ्यालाही जाळते. मायेचे तसे नाही. माया ही पाहणाऱ्याच्या मान्यतेवर जगते. मग तिच्याविरुद्ध टाकलेल्या फाशाचा अर्थ काय? कपार कोठे शोधावयाची? खेळाच्या नियमकारांना हा प्रश्न लागोपाठ चार पिढ्या सोडवावा लागला आणि प्रत्येक पिढीने त्याला निराळे उत्तर दिले. ही उत्तरे तांत्रिक दिसत असली, तरी माणसाला असत्य कळते ते कशाने, याविषयीची चार मते त्यांत दडलेली आहेत.

१९७४ च्या पुस्तकात बचावाच्या फाशाचे पाच वर्ग होते. विष, कांडी, पाषाण होणे, ड्रॅगनचा श्वास आणि मंत्र अशी ती वर्गवारी येणाऱ्या संकटांवरून केलेली होती, संकट सोसणाऱ्याच्या गुणांवरून नव्हे. त्यात ‘फॅन्टाझ्मल फोर्सेस’ नावाचा एक मायामंत्र आहे. मांत्रिकाने मनात कल्पिलेले दृश्य त्याचे चित्त एकाग्र असेपर्यंत टिकते, सजीवाचा स्पर्श होताच विरते, आणि ज्याने ते खरे मानले त्याला त्यापासून होणारी इजा मात्र खरी असते. तेथे बचावाच्या फाशाचा उल्लेखसुद्धा नाही. विश्वास ठेवला की नाही, एवढाच प्रश्न. पण विश्वास कोणाचा, पात्राचा की खेळाडूचा? याविषयी पुस्तक मौन पाळते. ‘इल्यूजनिस्ट’ हा केवळ मायेचा अभ्यास करणारा मांत्रिकवर्ग पीटर आरन्सन याने १९७५ साली ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या नियतकालिकातून खेळात आणला, आणि त्यानंतर या मौनाचा त्रास वाढला असल्यास नवल नाही. शहाणा खेळाडू प्रत्येक राक्षस दिसताच ‘माझा यावर विश्वास नाही’ असे म्हणू लागला, तर त्याला अडविणार कसे?

येथे मयसभेकडे पुन्हा वळणे आवश्यक आहे. दुर्योधनाची फजिती लोकांना एकाच प्रसंगाने ठाऊक असते, आणि तीही ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ या द्रौपदीच्या तोंडी घातलेल्या वाक्यासह. भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीत हे वाक्य नाही. तेथे जे आहे ते अधिक सूक्ष्म आहे. दुर्योधन प्रथम स्फटिकभूमीला पाणी समजून वस्त्रे सावरतो. पुढे खऱ्या पाण्याला भूमी समजून त्यात पडतो. त्यानंतर बंद असलेले द्वार उघडे आहे असे समजून त्यावर कपाळ आपटून घेतो. आणि सर्वांत शेवटी एक खरोखरच उघडे असलेले द्वार बंद आहे असे मानून तेथून मागे फिरतो. पहिल्या तीन चुका विश्वासाच्या आहेत. चौथी अविश्वासाची आहे. वारंवार फसलेल्या माणसाचा विवेक वाढत नाही, तो केवळ उलट्या दिशेने फसू लागतो, हे व्यासांनी दोन-चार श्लोकांत दाखविले आहे. टीकाकारांचे लक्ष हास्याकडे व सूडाकडे अधिक गेल्याने या चौथ्या द्वाराकडे सहसा कोणी पाहत नाही. ‘माझा यावर विश्वास नाही’ असे प्रत्येक वेळी म्हणणारा खेळाडू त्या चौथ्या द्वारापाशी उभा आहे. खोट्या राक्षसावर अविश्वास दाखविला तर तो वाचतो. खऱ्यावर दाखविला, तर तोपर्यंत ढाल खाली आलेली असते.

यावर १९७८ च्या नियमांनी तोडगा काढला तो असा: जो अविश्वास दाखवील त्याला मंत्राविरुद्ध फासा टाकावयास मिळेल, फासा जिंकल्यास माया उघडी पडेल, आणि त्याने ती गोष्ट सोबत्यांना नीट सांगितल्यास त्यांच्या फाशाला चार अधिक मिळतील. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने एक महत्त्वाची अट घातली. अविश्वासाचे कारण सांगितले पाहिजे, आणि ते पात्राला उपलब्ध असलेल्या माहितीवर आधारलेले असले पाहिजे. कारण देता आले नाही तर प्रयत्न व्यर्थ. या अटीचे मोल मोठे आहे. न्यायशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर हेतूवाचून अनुमान नाही, हे तत्त्व खेळाच्या नियमात प्रथमच स्पष्टपणे आले. अविश्वास हा हक्क राहिला नाही, तो सिद्ध करावयाचा पक्ष झाला.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत हा विचार सर्वांत नेटका झाला. तेथे बचावाचे वर्ग संकटावरून न पाडता सोसणाऱ्याच्या गुणांवरून पाडले: शरीराचा कणखरपणा, चपळता आणि मनोबल असे तीन. माया मनोबलाच्या वाट्यास गेली. पण केवळ दृष्टीस पडली म्हणून मायेविरुद्ध फासा टाकता येत नाही. तिचे निरखून परीक्षण केले किंवा तिच्याशी काही व्यवहार केला तरच तो अधिकार मिळतो. आणि माया असल्याचा प्रत्यक्ष पुरावाच समोर आला, तर फासा टाकण्याचे कारणच उरत नाही. खोट्या जमिनीतून जो खाली पडला, त्याने जमीन खोटी आहे हे कळण्यासाठी फासा कशाला टाकावा?

परीक्षणाची ही अट का लागते, ते थोड्या गणिताने ध्यानात येईल. समजा, मंत्राने ठरविलेला आकडा १४ आहे आणि पाहणाऱ्याच्या मनोबलाची भर ३ आहे. म्हणजे फाशावर ११ किंवा अधिक पडले पाहिजे. वीसांपैकी दहा पैलू अनुकूल, म्हणजे संभव निम्मा. आता चार सोबती असून चौघांनाही मायेकडे नजर टाकताच फासा मिळाला, तर चौघेही फसण्याचा संभव सोळांत एक. मांत्रिकाचे सारे कौशल्य पंधरा वेळा वाया जाईल. परीक्षणाची अट घालताच हे चित्र पालटते, कारण शंका ज्याला आली तोच आधी पुढे जातो. त्याचा फासा जिंकला आणि त्याने इतरांना सांगितले, तर चार अधिक मिळाल्याने त्यांना ७ पुरतात. प्रत्येकाचा संभव शेकडा ७० होतो. तरीही उरलेल्या तिघांपैकी निदान एक जण फसलेलाच राहण्याचा संभव शेकडा ६५ हून अधिक निघतो. एकाला सत्य दिसले आणि त्याने ते ओरडून सांगितले, तरी चौघांच्या मेळ्यात बहुधा कोणी तरी एक जण न पटल्यामुळे मागे उभा राहतो. नियमकारांनी हा परिणाम मुद्दाम साधला की सहज साधला गेला, हे महत्त्वाचे नाही. मनुष्यस्वभावाचे इतके खरे चित्र एका बेरजेतून निघावे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

आता नलोपाख्यान. मराठी वाचकाला ही कथा रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे परिचित आहे. पण येथे आरण्यकपर्वातील मूळ पाठच समोर ठेवणे इष्ट. सुकथनकरांनी संपादिलेला तो पाठ १९४२ साली पूर्ण प्रसिद्ध झाला. स्वयंवराच्या मंडपात दमयंतीपुढे पाच नल उभे राहतात. त्यांपैकी चार म्हणजे इंद्र, अग्नी, वरुण आणि यम. प्रथम ती पाहते आणि तिला भेद कळत नाही. मग ती तर्क करते. देवांची चिन्हे कोणती, हे तिने वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले आहे. ती चिन्हे या पाचांपैकी कोणाच्याच अंगावर दिसत नाहीत. म्हणजे तिच्यापाशी ज्ञान आहे, हेतू आहे, १९८९ ची अट ती सहज पुरी करते. पण माया पूर्ण असल्याने पुरावाच दडपला गेला आहे. येथे बुद्धीचे क्षेत्र संपते. यानंतर ती जे करते ते परीक्षण नव्हे. ती देवांनाच शरण जाते आणि नलावरील आपल्या अढळ निष्ठेच्या सत्याची आण घालून त्यांना आपली रूपे प्रकट करण्यास सांगते. तिचा निश्चय पाहून देव आपली चिन्हे धारण करतात: घाम नाही, पापणी लवत नाही, माळा टवटवीत, अंगावर धूळ नाही, पाय भूमीला टेकलेले नाहीत. उरलेल्या एकाची छाया पडलेली असते, माळ कोमेजलेली असते, अंगावर धूळ आणि घाम असतो, डोळे मिटत-उघडत असतात. तो मनुष्य, आणि म्हणून तो नल.

मायाभंगाच्या साऱ्या भारतीय कथांत या प्रसंगाचे स्थान वेगळे आहे, ते दोन कारणांनी. एक तर येथे खऱ्याची ओळख त्याच्या उणिवांवरून पटते. घाम, धूळ आणि छाया हीच सत्याची लक्षणे ठरतात. दुसरे असे की माया मोडणारी शक्ती बुद्धीची नसून निश्चयाची आहे. २००० सालच्या नियमकारांनी मायेविरुद्धचा फासा मनोबलाला दिला, त्याचे याहून समर्पक समर्थन सापडणे कठीण. पण भेदही तितकाच स्पष्ट आहे. दमयंतीच्या निश्चयाला फासा नाही. ती हरू शकली असती काय? कथेत तो प्रश्न उद्भवत नाही, कारण सत्याची आण ही जिंकण्या-हरण्याची गोष्ट नाही. ती एक तर खरी असते किंवा नसते. खेळात मनोबल कितीही मोठे असो, फाशावर एक पडला तर पात्र फसतेच, आणि वीस पडल्यास दुबळ्याचीही सुटका होते. येथे खेळ महाकाव्यापासून फुटतो, आणि तो फुटणे त्याच्या दृष्टीने योग्य आहे: ज्याचा शेवट ठाऊक नाही अशीच कथा खेळावयाची असते.

बाराव्या शतकातील श्रीहर्षाने ‘नैषधीयचरिता’च्या तेराव्या सर्गात हाच प्रसंग ‘पंचनली’ म्हणून खुलविला. तेथे सरस्वती स्वतः पाचांचा परिचय करून देते, आणि तिचे प्रत्येक वर्णन श्लेषाच्या बळावर त्या देवालाही लागू पडते आणि नलालाही. एक श्लोक तर पाचही जणांना लागू पडतो असा प्रसिद्ध आहे. व्यासांची माया डोळ्यांची होती, श्रीहर्षाने ती कानांची केली. पांडित्याचा हा विलास थोर खराच. परंतु त्यामुळे दमयंतीचे संकट वाचकाच्या संकटाआड झाकले जाते, असे म्हणणे भाग आहे. वाचक श्लेष सोडवीत बसतो आणि मंडपातील मुलगी वाट पाहत राहते.

फासा जिंकल्यानंतर माया कोठे जाते, या प्रश्नाचाही तिसऱ्या आवृत्तीने विचार केला आहे. दृश्य नाहीसे होत नाही. त्याची पारदर्शक रेखा पाहणाऱ्याला दिसत राहते. वेदान्ताच्या अभ्यासकाला हा तपशील ओळखीचा वाटेल. दोरीवरील साप दिवा आणताच समूळ जातो. तो निरुपाधिक भ्रम. जास्वंदीच्या फुलाजवळ ठेवलेला स्फटिक मात्र ‘हा तांबडा नाही’ हे कळल्यावरही तांबडाच दिसतो. तो सोपाधिक भ्रम, उपाधी दूर होईपर्यंत टिकणारा. खेळातील माया या दुसऱ्या जातीची आहे. मांत्रिकाचा मंत्र ही उपाधी, आणि जाणत्याचे ज्ञान त्या उपाधीला दूर करीत नाही, केवळ तिचे वजन काढून घेते. एवढ्यावर थांबले असते तर बरे होते. पण याच आवृत्तीत छायामंत्रांचा एक वर्ग आहे. त्यांनी निर्माण केलेली वस्तू, ओळखली गेल्यावरही, मंत्राच्या प्रतीप्रमाणे शेकडा २०, ६० किंवा ८० एवढी खरी असते. प्रातिभासिक, व्यावहारिक आणि पारमार्थिक या तीन सत्तांची मांडणी करणाऱ्या अद्वैत्याला शेकडा वीस सत्तेचा राक्षस कोणत्या खणात ठेवावा हा पेच पडेल. हिशेबाच्या सोयीसाठी तत्त्वाचा बळी देण्याचा हा प्रकार आहे, आणि तो नियमकारांच्या एरवीच्या दक्षतेस शोभत नाही.

२०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीने दिशा पुन्हा बदलली. तेथे दृश्यमायेच्या बहुतेक मंत्रांना बचावाचा फासाच नाही. वस्तूला स्पर्श केला आणि हात आरपार गेला, की माया उघडी पडते. स्पर्श न करता ओळखावयाची असेल तर आपली एक पाळी खर्ची घालून शोधाचा फासा टाकावा लागतो, आणि त्यात भर मिळते ती बुद्धीची. पूर्वी विवेकाच्या गुणावर उभी असलेली गोष्ट अशा रीतीने बुद्धीकडे आली. अविश्वासाला वेळेची किंमत पडली हे उत्तम झाले. चौथ्या द्वारापाशी मागे फिरणाऱ्याला आता ती किंमत मोजावी लागते. पण माया ही मनावरची मोहिनी न राहता एक कुलूप झाली, आणि दमयंतीच्या पहिल्या परीक्षेला त्यात जागा राहिली नाही. अपवाद आहे तो एका मंत्राचा. ‘फॅन्टाझ्मल फोर्स’ या मंत्रात बचाव हरलेला मनुष्य विसंगतींचा अर्थ स्वतःच लावून घेतो: आभासी पुलावर पाय ठेवून तो खाली पडला आणि जगला, तरी पूल होताच असे मानून आपल्या पडण्याचे दुसरे काही कारण शोधतो. पुरावा समोर असूनही न दिसण्याची ही अवस्था चारही आवृत्त्यांतील सर्वांत खरी निरीक्षणे ज्यांत आहेत अशांपैकी एक होय.

दमयंतीची दुसरी परीक्षा मात्र या नव्या नियमाशी जुळते. कर्कोटकाच्या दंशाने विरूप झालेला नल बाहुक या नावाने ऋतुपर्णाचा सारथी होऊन कुंडिनपुरास येतो. काटेकोर बोलावयाचे तर ही माया नव्हे, देहाचा पालट आहे; खेळही या दोहोंना निरनिराळ्या विद्या मानतो. तथापि ओळखणाऱ्याची अडचण तीच. या वेळी दमयंती आण घेऊन आरंभ करीत नाही. ती केशिनी नावाच्या दासीला त्याच्यावर नजर ठेवण्यास पाठविते. केशिनी परत येऊन सांगते की ठेंगण्या दारातून जाताना तो वाकत नाही, दारच उंच होते. त्याने पाहताच रिकामी भांडी पाण्याने भरतात. गवताची मूठ धरताच अग्नी पेटतो. चुरगाळलेली फुले त्याच्या हातात अधिक टवटवीत होतात. दमयंतीला एवढ्याने पुरे वाटत नाही. ती त्याने शिजविलेले अन्न मागवून चाखते. मग दोन्ही मुलांना त्याच्याकडे धाडते, आणि तो त्यांना कवटाळून रडतो. एकामागून एक रचलेले हे परीक्षण आहे: दुरून निरीक्षण, नंतर चव, नंतर हृदय. पहिल्या परीक्षेत तिच्यापाशी क्षण होता. दुसरीत वेळ आहे. नियमकारांनी जी दोन उत्तरे चौदा वर्षांच्या अंतराने, एकाला रद्द करून दुसरे, अशी दिली, ती दोन्ही या स्त्रीच्या चरित्रात शेजारी-शेजारी नांदतात. कोणत्या वेळी कोणते योग्य, हे तिला कळते. खेळाचा नियम येथे उणा पडतो; त्याला एकच उत्तर सर्व प्रसंगांना हवे असते.

एक अडचण आणखी आहे आणि तिच्यावर कोणत्याच आवृत्तीला समाधानकारक उपाय सापडलेला दिसत नाही. सूत्रधाराने ‘फासा टाक’ असे म्हणताच खेळाडूला कळून चुकते की येथे काही तरी मायेचे आहे. पात्र फसले तरी खेळाडू फसत नाही. त्याने आता फसल्याचे सोंग करावयाचे असते. म्हणून पुष्कळ सूत्रधार हा फासा स्वतःच, आडोशाने टाकतात. त्यामुळे गुपित राहते, पण खेळाडूच्या हातातून त्याच्या पात्राचे मन निसटते. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला पाचांतला नल कोण हे आधीपासून ठाऊक असते, आणि तरीही तो दमयंतीसाठी श्वास रोखून धरतो. भूमिकाखेळातील खेळाडूकडून हेच अपेक्षित असते, फक्त त्याला श्रोता आणि दमयंती या दोन्ही जागी एकाच वेळी बसावे लागते. ज्यांना हे साधते त्यांच्या हाती उघडा फासाही मायेला मारक होत नाही. ज्यांना साधत नाही त्यांच्यासाठी लपवाछपवीचा कोणताही नियम पुरणार नाही.

फाशाविषयी खुद्द नलोपाख्यान काय म्हणते, तेही पाहण्याजोगे आहे. लघुशंकेनंतर पाय न धुता संध्या केली, एवढ्या फटीतून कली बाराव्या वर्षी नलात शिरतो; द्वापर फाशांत शिरतो; नल राज्य हरतो. पुढे विदर्भाच्या वाटेवर ऋतुपर्ण धावत्या रथातून एका बेहड्याच्या झाडाची पाने व फळे मोजून सांगतो. दोन फांद्यांवरील फळांचा त्याचा आकडा २०९५ आहे. नलाचा विश्वास बसत नाही. उशीर होईल म्हणून राजा काकुळतीस येतो, तरी नल रथ थांबवितो, खाली उतरतो आणि स्वतः मोजून पाहतो. आकडा बरोबर निघतो. अविश्वासाची किंमत चुकवून, परीक्षण करून विश्वासापर्यंत आलेला हा या आख्यानातील एकमेव पुरुष. त्यानंतर ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशाचे रहस्य, शिकवितो. आणि ते कळताच कली नलाच्या देहातून बाहेर पडून त्याच बेहड्यात शिरतो. बेहड्याची फळे हेच प्राचीन फासे, हे येथे विसरून चालणार नाही. इयन हॅकिंग यांनी १९७५ साली संभाव्यतेच्या इतिहासावर लिहिलेल्या ग्रंथात या प्रसंगाची दखल घेतली आहे, ती गणिताच्या दृष्टीने. वाङ्मयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की फाशाचे ज्ञान आणि मोहातून सुटका या दोन गोष्टी येथे एकाच क्षणी घडतात. सभापर्वात अलग राहिलेल्या माया व फासा यांची गाठ आरण्यकपर्वात अशी पडते, आणि ती खेळाच्या नियमाहून उलट्या अंगाने पडते: नल मोहातून सुटतो तो फाशाच्या कृपेने नव्हे, फासा समजल्यामुळे.

ऋतुपर्णाला विदर्भाकडे इतक्या तातडीने आणले होते ते एका दुसऱ्याच आभासाने. उद्या सूर्योदयी दमयंतीचे दुसरे स्वयंवर आहे, असा निरोप तिनेच सुदेव ब्राह्मणाकरवी अयोध्येस धाडला होता. एका दिवसात ते अंतर काटणारा सारथी नलाखेरीज कोणी असणार नाही, हे ती जाणून होती. या निरोपात मंत्र नव्हता, म्हणून खेळाच्या नियमाप्रमाणे त्याविरुद्ध बचावाचा फासाही नाही. बोललेल्या खोट्यासाठी तेथे निराळा नियम आहे. ऋतुपर्ण कुंडिनपुरात उतरतो. मंडप दिसत नाही, दुसरे राजे दिसत नाहीत, स्वयंवराचे नावही कोणी काढीत नाही. भीमराजा येण्याचे कारण विचारतो, तेव्हा अयोध्येचा राजा क्षणभर थांबतो आणि आपण केवळ भेटीस आलो आहोत असे सांगतो.